काळुरामने कॅमशाफ्ट घासून आणला

गावात कुणालाही विचारा, हर्षदचा नवा ट्रॅक्टर आला आणि काळुरामचं डोकं फिरलं असंच सांगतील. हे काही पूर्ण खरं नाही. काळुरामचं डोकं फिरायला बारा महिने तयार असतं. हर्षदचा ट्रॅक्टर फक्त निमित्त झाला.

गाव निडी स्टेशनाच्या आतल्या अंगाला. पावसाळ्यात भात, भात निघालं की त्याच ओलीवर वाल. काळुरामची खाचरं ओढ्याकाठी आहेत आणि घराच्या पडवीत त्याच्या बापाने शहात्तर साली घेतलेला ट्रॅक्टर उभा असतो. लाल रंग उडून विटकरी झालेला, पुढच्या नावाची अक्षरं गळून पडलेली. दसऱ्याला काळुराम आधी ट्रॅक्टर धुतो, मग स्वतः आंघोळीला जातो. त्याच्या सीटवर दुसऱ्या कुणी बसलेलं त्याला खपत नाही. एकदा सख्ख्या जावयाने हौसेने वर चढून स्टिअरिंग धरलं, तर सासऱ्याने त्याला मानाने खाली उतरवून आधी चहा दिला आणि मग तासभर सुनावलं.

आता इथली एक रीत सांगायला हवी, कारण सगळं दुखणं तिथेच आहे. या गावात लावणी अजून सावडीने होते. आज सगळ्यांनी मिळून तुझं शेत लावायचं, उद्या सगळ्यांनी मिळून माझं. मजुरी कुणी देत नाही, कुणी घेत नाही. पण सावडीत प्रत्येक घराने काहीतरी घालायचं असतं. बहुतेक घरं हात घालतात. काळुरामच्या घरातून त्याच्या बायकोचे, सरूचे, हात जायचे आणि काळुराम ट्रॅक्टर घालायचा. सगळ्यांच्या खाचरांत चिखल करून द्यायचा तो काळुरामने, हे बापाच्या काळापासून ठरलेलं. काहीच घालता येत नाही अशीही माणसं गावात असतात. एखादी एकटी म्हातारी, एखादा अंथरुणाला खिळलेला. त्यांचंही शेत सावड लावून देते आणि त्यांना कुणी बोल लावत नाही. पण आपली गणती त्या माणसांत व्हावी, ही कल्पनाच काळुरामला सोसत नव्हती.

आणि ती कल्पना त्याला अलीकडे सारखी यायला लागली होती. इंजिन थकलं होतं. एक खाचर चिखलून तो दुसऱ्यात शिरायचा, तोवर बायकांचं मागचं लावून व्हायचं. मग सगळ्या जणी येऊन बांधावर बसायच्या. पान लावायच्या, तंबाखू मळायच्या, पाय पसरायच्या आणि त्याच्याकडे बघत राहायच्या. काळुराम मान वर करायचा नाही. त्याला वाटायचं, या आता मनात शिव्या घालतायत. म्हाताऱ्याचं खटारं कधी उरकणार आणि आपण कधी घरी जाणार, हेच चाललं असणार. कुणी तसं कधी म्हटलं नव्हतं. पण तोंडावर न बोलणारी माणसं मनात काय म्हणतात हे काळुरामला न सांगता कळतं, असा त्याचा स्वतःबद्दलचा समज होता.

त्यात दसऱ्याला हर्षदने नवा ट्रॅक्टर आणला. हर्षद म्हणजे काळुरामच्या चुलतभावाचा मुलगा, रोह्याच्या कंपनीत शिफ्ट करून शेती बघणारा. पोरगा गुणी आहे. पेढे घेऊन घरी आला, पाया पडला आणि म्हणाला, "काका, येत्या पावसात सावडीची चिखलणी मी करतो. तुम्ही आराम करा."

झालं. दुसऱ्या कुणाला हा शब्द गोड लागला असता. काळुरामला तो सुईसारखा टोचला. पेढा त्याने तोंडात घातला नाही, तसाच देवापुढे ठेवून दिला.

वाल निघाले आणि काळुरामने पडवीत इंजिन उघडलं. त्याला ते येतं. बापाने नांगर धरायच्या आधी पाना धरायला शिकवला होता. आत बघितलं तर खरा रोग हाती लागला. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाच्या पोटातला एक दांडा. त्याच्यावर अंड्यासारखे उंचवटे असतात, दांडा फिरला की ते उंचवटे झडपा उघडतात, हवा आत येते, धूर बाहेर जातो. काळुरामच्या इंजिनातले ते उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. झडप पुरती उघडतच नव्हती. इतकी वर्षं म्हातारा अर्ध्या श्वासावर राबत होता तर. काळुरामला एकीकडे वाईट वाटलं आणि दुसरीकडे आनंद झाला, की दोष आपला नाही.

पेणजवळच्या जोह्याला दिलेली काळुरामची लेक किमया. तिच्या नवऱ्याचा गणपतीच्या मूर्ती पोहोचवायचा टेम्पो आहे. त्यानेच फोनवर सांगितलं की पेणला आदर्श म्हणून एक जण एसटी स्टँडच्या मागे इंजिनाची कामं करतो, कॅम घासण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. काळुरामने दांडा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन दिव्याला जाणाऱ्या रेल्वेगाडीत बसला. शेजारच्या बाईने कौतुकाने विचारलं, लेकरू किती महिन्यांचं. त्याने लुगडं जरा बाजूला करून दाखवलं. पेणपर्यंत ती बाई त्याच्याशी बोलली नाही.

आदर्श तिशीतला, कानावर पेन्सिल, भिंतीवर चिखलात उडणाऱ्या जीपगाड्यांचे फोटो. पावसाळ्यात डोंगरात जीपच्या शर्यती लावणारी पोरं त्याच्याकडे इंजिनं घेऊन येतात. त्याने दांडा उजेडात फिरवून पाहिला.

"काका, जुन्या मापावर आणता येईल. पण नुसतं तेवढंच कशाला? आकार बदलून घासतो. झडप जास्त वेळ उघडी राहील, इंजिन जास्त हवा घेईल. ताकद बघाल तुम्ही."

"चिखलात चालंल ना? माझं सगळं काम चिखलात."

आदर्श हसला आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "हे सगळे चिखलातच चालतात. फक्त गाडी रेसवर ठेवायची, आरपीएम पडू द्यायचा नाही."

काळुरामने मान डोलावली. इथेच चुकलं. आदर्श खोटं बोलला नव्हता आणि काळुरामही काही बावळट नव्हता. पण एक जण बोलत होता जीपच्या चिखलाबद्दल आणि दुसरा ऐकत होता भाताच्या चिखलाबद्दल, आणि चिखल म्हणजे चिखल, असं दोघांनीही धरून चाललं. चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला रेस लागत नाही, हे काळुरामला झोपेतही सांगता आलं असतं. ताकद हा शब्द ऐकला आणि त्याला दुसरं काही ऐकूच आलं नाही.

उन्हाळ्यात इंजिन बसवून झालं आणि पहिल्यांदा चालू केलं तेव्हा आवाजच बदललेला. बारीक, तडतडीत, तरुण. काळुरामने खांब गावात मेव्हण्याच्या घरासाठी चिऱ्यांनी भरलेली ट्रॉली नेली. वाटेतल्या चढावर, जिथे पूर्वी मागचे रिक्षावाले हॉर्न मारून जीव नकोसा करायचे, तिथे त्याने एका टेम्पोला मागे टाकलं. घरी येऊन त्याने सरूला हे रंगवून सांगितलं. सरू तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रस्त्यावर कुठं लावायचाय भात?" काळुराम म्हणाला, "तुला काय कळतंय गो." बाईमाणूस इंजिनाबद्दल बोललं की त्याचं हे ठरलेलं उत्तर.

हर्षदला त्याने ऐटीत निरोप पाठवला की तू आपलं घरचं बघ, सावडीची चिखलणी दरवर्षीसारखी मीच करणार. हर्षद बरं म्हणाला.

लावणीचा पहिला मान वाडीवरच्या गंगीचा. तिची दोनच खाचरं, पण सगळ्यांत खालची, तिथे पाणी आधी साठतं. गंगी काळुरामपेक्षा वयाने मोठी, तोंडाने त्याहून मोठी आणि लावणीच्या ओळीत सगळ्यांच्या पुढे. बायका रोपांच्या मुठी घेऊन तयार होत्या. काळुरामने चिखलात घालायची लोखंडी पिंजऱ्याची चाकं चढवली, देवाचं नाव घेतलं आणि खाचरात उतरला.

चिखलणीत ट्रॅक्टर रांगत न्यायचा असतो. खालच्या गिअरात, हळू, दबकत, म्हणजे चाकं माती कालवत जातात. काळुरामने सवयीप्रमाणे रेस कमी केली. इंजिनाने एक उचकी दिली आणि बंद पडलं. पुन्हा चालू केलं, पुन्हा बंद. मग त्याला आदर्शचे शब्द आठवले आणि त्याने रेस वाढवली. आता ताकद आली, आणि अशी आली की मागची चाकं जागच्या जागी गरगरा फिरली, चिखल थेट बांधावरच्या बायकांवर उडाला आणि ट्रॅक्टर आपल्याच चाकांनी खड्डा खणून पोटापर्यंत खाली बसला. कमी रेसवर मरतंय, जास्त रेसवर रुततंय. मधलं काही त्याच्यात उरलंच नव्हतं.

काळुरामने कशाकशाला नावं ठेवली. डिझेलमध्ये पाणी आहे म्हणाला. फिल्टर चोंदलाय म्हणाला. शेवटी गंगीच्या शेताची मातीच वाईट आहे म्हणाला, त्यावर गंगीने कमरेवर हात ठेवून विचारलं, "बापाला चालली ती माती? गेल्या साली तुला चालली ती?" हर्षदला बोलावणं गेलं. त्याने साखळी लावून काकांचा ट्रॅक्टर बाहेर ओढला आणि गंगीची दोन्ही खाचरं चिखलून दिली. तो हसला असता तर बरं झालं असतं, असं काळुरामला वाटलं. हसणाऱ्याला निदान शिव्या तरी घालता येतात.

दुसऱ्या दिवशी तो तणतणत पेणला गेला. आदर्शने सगळं ऐकून घेतलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, तुम्ही मला हळू चालवायचंय म्हणालाच नाहीत."

"तू इचारलंस? भाताचा चिखल कधी बघितलायस का? पेणला राहतोस ना? खिडकीतून बघितलास तरी दिसंल."

"मला वाटलं..."

"तुला वाटलं. मलाबी वाटलं. तू परत कर तो पहिल्यासारखा."

"घासलेलं लोखंड परत कसं येणार? वेल्डिंग करून उंचवटे भरायचे आणि परत जुन्या आकारावर आणायचे, ते काम कोल्हापूरला होतं. इतका जुना दांडा, मापंच मिळवायला लागतील. लावणी संपायच्या आत नाही होणार." मग तो म्हणाला, "टॅपेटची गॅप वाढवून बघा. झडप उशिरा उघडेल, लवकर मिटेल. खाली थोडी ताकद येईल. आवाज करेल, पण बघा."

त्याचं म्हणणं खरं होतं, पण थोडंच. काळुरामने गॅप, म्हणजे झडपेवरची फट, वाढवली. इंजिन आता टिनाच्या डब्यात खडे भरून हलवल्यासारखं वाजायला लागलं, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असं. तो ट्रॅक्टर घेऊन स्वतःच्या वरच्या खाचरात उतरला. अर्ध्या फेरीपर्यंत तो खरंच चालला. काळुरामचा श्वास मोकळा होतोय न होतोय तोच चिखल खोल लागला आणि म्हाताऱ्याने मान टाकली. गॅप कमी केली, जास्त केली, परत कमी केली. संध्याकाळपर्यंत त्याच्या बोटांची सालं गेली. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

सरू बांधावरून सगळं बघत होती. ती सहसा बोलत नाही, पण तिच्या राबातली, म्हणजे भाताच्या वाफ्यातली, रोपं वाढून पिवळी पडायला लागली होती.

"अवो, बास करा," ती म्हणाली. "रोप म्हातारं झालं तर चार दाणे लागायचे नायत. आपली पाळी परवा हाय. मी हर्षदला सांगून आलेय."

"मला न इचारता?"

"तुम्ही मला इचारून घासलात काय दांडा?"

काळुरामने पाना जोरात चिखलात फेकला. मग तो शोधायला त्यालाच अंधार पडेपर्यंत चिखल चाचपत बसावं लागलं. त्या रात्री तो जेवला नाही आणि सरूनेही आग्रह केला नाही.

त्याच्या शेताची पाळी आली. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या शेतात चिखलणी चालू असताना काळुराम बांधावर उभा होता. हातात काही नाही. पुढे जावं तर काम नाही, घरी जावं तर लोक काय म्हणतील. हर्षदचा ट्रॅक्टर नुसता पळत होता. बायका एका खाचराच्या मध्यावर पोचायच्या आत त्याचं पुढचं तयार, त्याच्या पुढचंही तयार. सगळं शेत चिखलून, पाणी सारखं करून हर्षद शिफ्टला निघूनही गेला. जाताना त्याने "काका, येतो" म्हटलं आणि काळुरामने मान हलवली. मनात त्याने कबूल केलं की काम सुबक झालंय. ते जास्तच लागलं.

आता तो बायकांकडे बघत राहिला. या तरी सुखी झाल्या असतील, असं त्याला वाटलं. पण सकाळपासून एकीनेही कंबर सरळ केली नव्हती. पुढचं खाचर तयार, त्याच्या पुढचं तयार, मग थांबायचं कशाच्या नावावर? चिखल करून ठेवला की तो घट्ट व्हायच्या आत लावायला हवा. नेहमीची गाणी नव्हती, थट्टा नव्हती. वाकलेल्या पाठी नुसत्या मागे मागे सरकत होत्या. दुपारी गंगी एकदम उठून उभी राहिली, दोन्ही हात कमरेवर दाबून कण्हली आणि मूठ चिखलात टाकून दिली.

"काळूदादा," ती तिथूनच म्हणाली, "तुझं ते खटारं कधी नीट व्हायचं?"

काळुरामला वाटलं, आली वेळ. इतकी वर्षं मनातल्या मनात चाललेलं आता तोंडावर येणार. तो चिडून म्हणाला, "का, आता काय अडलं तुमचं? हर्षद हाय ना. त्याच्यासारखं फास्ट नाय म्हणूनच तर मी दांडा घासायला नेला."

"फास्ट कुणाला पायजे होता?"

"तुम्हाला. बांधावर बसून तोंडाकडं बघत बसायच्या ते काय माझी आरती ओवाळत होत्या?"

याला वेड लागलंय की काय, असं गंगी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "ऐकलं का गो? आपण बसायचो त्ये याला आवडत नव्हतं म्हनून यानं मशीन बिघडवलं." आणि पुन्हा त्याच्याकडे वळून म्हणाली, "आरं, तू हळू चालायचास म्हनून तर आम्हाला बसायला मिळायचं. पोर असली तर दूध पाजायला मिळायचं. घरात बसू देतात व्हय आम्हाला? तुझ्या ट्रॅक्टरच्या नावावर आम्ही बसायचो. आता हा सगळं करून ठेवून जातोय आन् आम्ही मरतोय."

काळुरामला आधी राग आला. मग राग कुणावर करायचा ते सापडेना म्हणून जास्त राग आला. "मग सांगायचं नाय?" तो ओरडला. "इतक्या वर्षांत एकीला सांगता नाय आलं?"

"असं कुणी सांगतं होय कुणाला, हळू चाल म्हनून? आळशी म्हनतील ना," गंगी म्हणाली आणि टाकलेली मूठ उचलून परत वाकली.

हे मात्र खरं होतं. काळुरामला एकदम स्वतःची भयंकर चीड आली. ज्या एका गोष्टीसाठी तो सगळ्यांना हवा होता, तीच त्याने पेणला नेऊन घासून टाकली होती आणि वर शाबासकीची वाट बघत बसला होता. आदर्शच्या मशीनखाली पडलेला तो लोखंडाचा भुगा एव्हाना झाडून फेकलाही असेल. त्याला रडू आलं असतं, पण समोर इतक्या बायका होत्या.

त्याने लेंगा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि खाचरात उतरला. सरू सोडून सगळ्या बघायला लागल्या. तो ओळीच्या कडेला, सरूच्या शेजारी जाऊन उभा राहिला, तिच्या हातातली एक मूठ त्याने ओढून घेतली आणि वाकला. लग्नाआधी केव्हातरी त्याने लावणी केली होती. हाताला काही आठवेना. त्याने लावलेली रोपं पाण्यावर तरंगून वर यायची, ती परत खोचायची, तोवर दुसरी तरंगायची. तो स्वतःशी, रोपांशी, चिखलाशी भांडत होता. बाकीची ओळ मागे सरकत गेली आणि काळुराम एकटा पुढे अडकून राहिला.

सावडीत ओळ मोडत नाहीत. एकाचं राहिलं असेल तर सगळ्यांनी थांबायचं.

गंगी थांबली. मग बाकीच्या थांबल्या. एकीने कंबर सरळ केली, दुसरीने पाठ दाबून घेतली, तिसरी बांधाकडे जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली. कुणीतरी कमरेची पानतंबाखूची चंची सोडली.

"बघत काय बसलाय," काळुराम वर न बघता खेकसला. "करतोय ना."

"कर की," गंगी बांधावर टेकत म्हणाली. "आम्ही कुठं घाई करतोय."